ओझे कुणाच्या डोक्यावर?

२०१० च्या डिसेंबरात गूगलने एक लॅपटॉप फुकट वाटायला काढला. काळाकुट्ट, चकाकी नसलेला. अंगावर कंपनीचे नाव नाही, बोधचिन्ह नाही. कॅप्स लॉकच्या जागी शोधाची कळ. नाव सीआर-४८, क्रोमियम धातूच्या एका अस्थिर समस्थानिकावरून घेतलेले, जे एका दिवसाच्या आतच निम्मे उरते. हे यंत्र विक्रीसाठी नव्हतेच. अमेरिकेतल्या निवडक अर्जदारांच्या घरी ते पोचले आणि सोबत व्हेरायझनचा महिन्याला १०० एमबी डेटा दोन वर्षे मोफत मिळाला. झाकण उघडले की समोर फक्त ब्राउझर. सी ड्राइव्ह नाही, ‘माय कम्प्युटर’ नाही, सीडी घालून काही टाकायची सोय नाही. ज्याला आपण तोवर संगणक म्हणत होतो, त्यातले बहुतेक सगळे काढून घेऊन उरलेला भाग लोकांच्या हातात दिलेला.

पण बॅटरी काढली की तिच्या खाचेत, चिकटपट्टीच्या आड, एक छोटा खटका होता. तो सरकवला की यंत्राची कुलपे निघत आणि मालकाला आत हवे ते करता येई. ज्यांनी कुलूप बसवले त्यांनीच किल्लीही डब्यात ठेवली होती. पुढच्या पंधरा वर्षांत या प्रकारच्या संगणकांबद्दल जे वाद झाले, ते बहुतेक या कुलपाचे आणि किल्लीचे आहेत. क्लाउडचे त्यात फारसे काही नाही.

क्लाउडवर चालणाऱ्या संगणकाविषयी बोलू लागले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: नेट गेले तर? प्रश्न रास्त आहे, पण मोठा नाही. त्याला बऱ्यापैकी तांत्रिक उत्तरे मिळाली आहेत. मला त्याहून मोठा वाटतो तो प्रश्न राबण्याचा आहे. घरचा संगणक सांभाळणे हे काम आहे. अँटिव्हायरसचे वर्ष संपते, प्रिंटरचा ड्रायव्हर हरवतो, पेन ड्राइव्हमधून काहीतरी शिरते, मशीन हँग होऊ लागते. मग गल्लीतला कुणीतरी पोरगा येतो, ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणतो, पुन्हा विंडोज टाकून देतो आणि जाताना विचारतो, फोटोंचा बॅकअप घेतला होता ना? आपल्याकडे दोन पिढ्यांनी संगणक असाच वापरला. पर्सनल कम्प्युटर ‘पर्सनल’ होता याचा एक अर्थ असाही होता, की तो बिघडला तर निस्तरायचे तुम्हीच.

क्लाउडवरच्या ऑपरेटिंग सिस्टीमने हे ओझे मालकाच्या डोक्यावरून उतरवले. यंत्र हलके झाले ते ग्रॅममध्ये कमी आणि या अर्थाने जास्त. पण उतरवलेले ओझे कुठेतरी ठेवावेच लागते. ते कुणी उचलले, त्या बदल्यात काय घेतले आणि उचलणाऱ्याने उद्या हात झटकले तर काय, हा या पुस्तकाचा विषय आहे. पुढची प्रकरणे तपशिलात जातात. वाचकाने आत शिरण्यापूर्वी जो पट डोळ्यांसमोर असावा, तेवढा इथे मांडतो.

आधी एक घोळ मिटवू. या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी खपतात. एकात यंत्र खरोखर स्वतः काम करते: ब्राउझर तुमच्या हातातल्या प्रोसेसरवर चालतो, फक्त फाइली आणि कार्यक्रम दूरवरून येतात. क्रोमबुक या जातीचे. दुसऱ्यात तुमच्यासमोर निव्वळ पडदा असतो. अख्खे विंडोज किंवा लिनक्स दूरच्या डेटा सेंटरमध्ये चालते आणि त्याचे चित्र तुमच्यापर्यंत येते. तुमची प्रत्येक कळ तिकडे जाते आणि परिणाम इकडे दिसतो. मायक्रोसॉफ्टचे विंडोज ३६५ आणि जिओचे जिओपीसी या दुसऱ्या जातीचे. पहिल्याचे नेट थोडा वेळ गेले तरी निभावते, दुसऱ्याचा त्याच क्षणी काचेचा काळा तुकडा होतो. या पुस्तकाचा भर पहिल्यावर आहे, कारण इतिहास त्याच्याकडे जास्त आहे.

आणि तो इतिहास गूगलपासून सुरू होत नाही. १९६१ मध्ये एमआयटीच्या शताब्दी समारंभात जॉन मॅकार्थी यांनी असा विचार मांडला होता, की टेलिफोनसारखीच संगणनही एक दिवस सार्वजनिक सेवा होऊ शकेल. त्याच वर्षी त्याच संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांनी सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. एक मोठे यंत्र, त्याला जोडलेली अनेक टर्मिनले, आणि प्रत्येकाला वाटावे की यंत्र आपले एकट्याचे आहे. म्हणजे सामाईक संगणक आधी आला आणि स्वतःचा नंतर. सत्तरीच्या दशकाअखेरीस पर्सनल कम्प्युटर आला तो या सामाईक यंत्राच्या राखणदारांविरुद्धचे बंड म्हणून. संगणक विभागाच्या काचेच्या खोलीबाहेर ताटकळत बसलेल्यांना आपल्या टेबलावरचे, कुणालाही न विचारता चालू करता येणारे यंत्र ही चैन होती. त्या चैनीची किंमत म्हणून सांभाळण्याचे ओझे त्यांनी हसत घेतले.

पहिला उलट प्रवास १९९५ मध्ये सुरू झाला. ओरॅकलचे लॅरी एलिसन यांनी ‘नेटवर्क कम्प्युटर’ची कल्पना मांडली: पाचशे डॉलरचे, हार्ड डिस्क नसलेले यंत्र, सगळे काही सर्व्हरवर. पुढच्या वर्षी ओरॅकल, सन, आयबीएम, अॅपल आणि नेटस्केप यांनी मिळून अशा यंत्राचा एक किमान आराखडाही जाहीर केला. एवढी मातब्बर नावे एकत्र येऊनही काही झाले नाही. घराघरांत तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून कुरकुरत जोडणी होई, ब्राउझरमध्ये धड तक्ताही करता येत नसे, आणि १९९७ मध्ये खरे पीसीच हजार डॉलरच्या आत येऊ लागले. मग अर्ध्या किमतीत अर्धा संगणक कोण घेणार? एलिसन चिकाटीचे, २००० मध्ये त्यांनी ‘न्यू इंटरनेट कम्प्युटर’ १९९ डॉलरला आणला. हार्ड डिस्क नाही, सीडीवरून लिनक्स सुरू होणारा. तीन वर्षांत तोही गुंडाळला गेला. कल्पना चुकली नव्हती, आसपासचे जग तिच्यासाठी तयार नव्हते, असे म्हणायचा मोह होतो. पण मला वाटते त्यात अर्धेच सत्य आहे. एलिसन यांना मायक्रोसॉफ्टला हरवायचे होते. वापरणाऱ्याचे कोणते दुखणे कमी होणार, हे त्यांनी कधी नीट सांगितले नाही.

मधल्या काळात ब्राउझर बदलला. २००४ च्या एप्रिलमध्ये जीमेल आले. एक जीबी जागा आणि पान पुन्हा न उघडता बदलणारा मजकूर, दोन्ही तेव्हा इतके नवे होते की १ एप्रिलची थट्टा समजून अनेकांनी ते सोडून दिले. २००६ मध्ये गूगलने ‘राइटली’ नावाची लहान कंपनी विकत घेतली, ती गूगल डॉक्सची मुळी. २००८ मध्ये क्रोम ब्राउझर आला आणि त्याच्यासोबत लार्स बाक यांच्या चमूने लिहिलेले व्ही८ हे जावास्क्रिप्टचे इंजिन. ब्राउझरमधला कार्यक्रम पहिल्यांदाच इतका चपळ झाला की तो ‘वेबसाइट’ वाटेना.

दुसरीकडे यंत्राची किंमत उतरत होती. २००७ अखेरीस तैवानच्या असुस कंपनीने ई-पीसी ७०१ आणला: सात इंची पडदा, चार जीबी फ्लॅश साठवण, वजन किलोच्या आत, आत लिनक्स. लोक तुटून पडले. मायक्रोसॉफ्टला एवढी धडकी भरली की निवृत्तीला निघालेल्या विंडोज एक्सपीचे आयुष्य खास अशा स्वस्त यंत्रांसाठी वाढवण्यात आले. झाले असे, की या इवल्या लॅपटॉपांवर, म्हणजे नेटबुकांवर, एक्सपी बसले, एक्सपीबरोबर अँटिव्हायरस बसला, आणि इवल्याशा प्रोसेसरवर मोठ्या संगणकाची सगळी दुखणी येऊन बसली. किंमत उतरली, ओझे होते तिथेच राहिले. नेटबुके काही वर्षांत बाजारातून गेली त्याचे एक कारण टॅब्लेट आहे हे खरे, पण दुसरे हे आहे.

या संधिकाळात काही लहान माणसांनी मोठा विचार केला, त्यांची नावे आता फारशी निघत नाहीत. पॅरिसमध्ये नेटव्हाइब्ज काढणारे तारिक क्रिम यांनी जोलीक्लाउड सुरू केले. नेटबुकवर टाकायची, उबुंटूवर बेतलेली ही सिस्टीम. तिच्यात वेबवरचे कार्यक्रम आणि यंत्रातले कार्यक्रम एकाच पानावर शेजारी शेजारी बसत, आणि तुम्ही दुसऱ्या कुठल्याही संगणकावरून खाते उघडले की तेच पान समोर येई. मला ही रचना आजही क्रोमबुकपेक्षा माणुसकीची वाटते, कारण तिने जुने यंत्र टाकून द्यायला सांगितले नाही आणि एकाच कंपनीच्या सेवांपाशी नेऊन बांधले नाही. अर्थात माणुसकीने सर्व्हरचे बिल भरले जात नाही. २०१३ अखेर ती ऑपरेटिंग सिस्टीम थांबली आणि २०१६ मध्ये सेवाच बंद झाली. बार्सिलोनाजवळ जन्मलेली अशीच दुसरी सिस्टीम, आयओएस (ही अॅपलची नव्हे, ‘ई’ अक्षराने सुरू होणारी), २०१४ मध्ये टेलिफोनिका या दूरसंचार कंपनीच्या पोटात गेली. दुसऱ्याचे ओझे वाहायला हमालाचे खांदेही रुंद लागतात.

गूगलचे खांदे रुंद होते. ७ जुलै २००९ रोजी सुंदर पिचाई आणि लायनस अपसन यांनी क्रोम ओएसची घोषणा केली. पिचाई तेव्हा कंपनीचे प्रमुख नव्हते, क्रोमचे काम पाहत होते. नोव्हेंबरमध्ये तिचा मुक्त अवतार, क्रोमियम ओएस, उघडा केला गेला. १५ जून २०११ रोजी सॅमसंग आणि एसर यांची पहिली क्रोमबुके विकायला आली. सॅमसंगचे ४२९ डॉलरला, म्हणजे त्या पैशात बरा विंडोज लॅपटॉप मिळत असताना. टीकाकारांनी यथेच्छ थट्टा केली. पण त्याच वेळी जाहीर झालेल्या दुसऱ्या दराकडे कमी लोकांचे लक्ष गेले: शाळांसाठी दर विद्यार्थ्यामागे महिना २० डॉलर, कंपन्यांसाठी २८, करार तीन वर्षांचा. यंत्र, देखभाल, बदली सगळे त्यात. ओझे उचलण्याचा दर पहिल्यांदाच असा छापील स्वरूपात समोर आला होता.

आता आतल्या रचनेविषयी, आणि इथे थोडे रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते या प्रकारच्या संगणकाची खरी कमाई इथे आहे.

क्रोमबुक चालू होते तेव्हा सगळ्यात आधी जागा होतो तो फर्मवेअरचा न पुसता येणारा तुकडा. त्यात गूगलची सार्वजनिक किल्ली कोरलेली असते. तो पुढच्या तुकड्याची सही तपासतो, तो कर्नेलची, आणि कर्नेल प्रणालीच्या डिस्कवरचा प्रत्येक खंड वाचता वाचता त्याचा हिशेब जुळतो का पाहतो. गाभा लिनक्सचाच आहे, पण ती डिस्क फक्त वाचण्यापुरती. चालत्या यंत्राला स्वतःच्या मुळाशी काही लिहिताच येत नाही. प्रणालीच्या दोन प्रती असतात. एक चालू असते तेव्हा नवी आवृत्ती गुपचूप दुसरीवर उतरते, आणि पुढच्या वेळी यंत्र तिच्यावरून उठते. नवी प्रत नीट उठली नाही, तर जुनी आहेच. ‘अपडेट होत आहे, कृपया संगणक बंद करू नका’ या वाक्याने ज्यांच्या दुपारी खाल्ल्या आहेत, त्यांना या रचनेची किंमत वेगळी सांगायला नको.

वापरणाऱ्याच्या फाइली याहून वेगळ्या कप्प्यात, प्रत्येकाच्या स्वतंत्र किल्लीने बंद. एकाच यंत्रावर चार जण आळीपाळीने बसले तरी एकाचे दुसऱ्याला दिसत नाही. ब्राउझरचे प्रत्येक पान आपापल्या कोंडवाड्यात चालते, त्यामुळे एका पानातला दुष्टपणा शेजारी पोचणे अवघड. आणि सगळेच बिनसले, तर ‘पॉवरवॉश’: काही मिनिटांत यंत्र कोरे, खात्यात शिरले की सगळे पुन्हा जागेवर. यंत्र हे असे विसरण्याजोगे करून टाकणे, ही मला त्यातली सर्वात धाडसी गोष्ट वाटते.

ही तटबंदी अभेद्य आहे असा दावा गूगलने शहाणपणाने केला नाही; उलट फोडणाऱ्याला बक्षीस लावले. २०१३ मध्ये बक्षिसांची एकूण रक्कम होती ३१ लाख ४१ हजार ५९० डॉलर. आकडा ओळखीचा वाटला तर बरोबर आहे, तो पाय आहे. त्या वर्षी पुरे बक्षीस कुणाला मिळाले नाही. पुढच्या वर्षी रक्कम गणितातल्या ‘ई’ या स्थिरांकावर बेतली होती, आणि जॉर्ज हॉट्झ या तरुणाने दीड लाख डॉलर जिंकले.

लक्षात घ्या, की यातल्या जवळजवळ कशालाच क्लाउड लागत नाही. सही तपासणे, दोन प्रती ठेवणे, वापरणाऱ्याला मुळाशी हात घालू न देणे, हे सगळे हातातल्या यंत्रातच घडते. क्लाउडमुळे फक्त फाइल हरवण्याची भीती गेली, आणि ती गेली म्हणून मालकाने कुलूप सोसले. मुंबईतल्या वाचकाला मी हे पागडीच्या खोलीवरून सांगेन: एकरकमी पैसे तुम्ही मोजलेत, राहताही तुम्हीच, पण भिंत पाडायची तर घरमालकाला विचारावे लागते, आणि त्याच्या बदल्यात छत गळले तर धावायचे त्याने.

घरमालक धावतोच असे नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी २०१० मध्येच, सीआर-४८ वाटले जात होते त्याच दिवसांत, या साऱ्या प्रकाराला निष्काळजी संगणन म्हटले होते. त्यांचा मुद्दा नुसत्या तत्त्वाचा नव्हता. अमेरिकेत तुमच्या घरातल्या कागदांसाठी पोलिसांना वॉरंट तुम्हाला दाखवावे लागते, पण तेच कागद कंपनीच्या सर्व्हरवर असतील तर तुम्हाला काहीही न कळता ते जाऊ शकतात, असे त्यांचे म्हणणे होते. स्टॉलमन यांचा सूर कर्कश असतो म्हणून त्यांचे ऐकायचे नाही, ही सवय तंत्रज्ञानाच्या पत्रकारितेला महाग पडली आहे.

क्रोमबुकाचे खरे साम्राज्य उभे राहिले ते अमेरिकेतल्या शाळांत. कारण साधे: शाळेत शेकडो यंत्रे असतात आणि ती सांभाळणारा माणूस एखादाच. ज्या शाळेला प्रत्येक लॅपटॉपवर वेगळे विंडोज बसवावे लागे, तिला एका वेबपानावरून साऱ्या जिल्ह्याची यंत्रे चालवता येऊ लागली: कोणते संकेतस्थळ उघडेल, परीक्षेत काय बंद राहील, सगळे एका खिडकीतून. २०१२ मध्ये सॅमसंगचे एआरएम चिपवरचे क्रोमबुक २४९ डॉलरला आले आणि बोलणेच संपले. दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकी शाळांत नव्याने जाणाऱ्या यंत्रांपैकी निम्म्याहून अधिक क्रोमबुके होती. २०२० मध्ये साथीने शाळा घरी आणली तेव्हा जगभरच्या विक्रीत क्रोमबुकांनी मॅकनाही मागे टाकले.

मग हिशेब वर आले. प्रत्येक क्रोमबुकाला एक शेवटची तारीख असते; त्यानंतर अद्ययावत प्रती येत नाहीत. ही तारीख तुम्ही यंत्र घेतल्यापासून मोजत नाहीत, ते मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात. म्हणजे सवलतीत मिळालेला जुना माल घेणाऱ्या गरीब शाळेची दोन-तीन वर्षे आधीच संपलेली असत. कीबोर्ड शाबूत, पडदा शाबूत, बॅटरी बरी, आणि यंत्र मात्र भंगारात. अमेरिकेतल्या पर्ग या ग्राहकहित संघटनेने २०२३ मध्ये यावर अहवाल काढून आवाज उठवला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात गूगलने मुदत दहा वर्षांची केली. आधी पाच होती, मग साडेसहा, मग आठ. अडचण फक्त तांत्रिक असती तर ती एका अहवालाने सुटली नसती.

दुसरा हिशेब डेन्मार्कमधून आला. हेल्सिंगोर या गावात एका पालकाच्या लक्षात आले, की शाळेने दिलेल्या खात्यामुळे आपल्या लहान मुलाचे पूर्ण नाव यूट्यूबवर दिसते आहे, आणि याची परवानगी आपल्याला कुणी विचारलेली नाही. तक्रार रेंगाळली, वाढली, आणि जुलै २०२२ मध्ये डॅनिश माहिती संरक्षण प्राधिकरणाने त्या नगरपालिकेच्या शाळांत क्रोमबुके आणि गूगलच्या सेवा वापरण्यावर बंदी घातली. बंदी पुढे स्थगित झाली, पण २०२४ मध्ये ५३ नगरपालिकांना मुलांची माहिती गूगलकडे कशी जाते ते कायद्यात बसवण्याचा आदेश मिळाला. एका बापाच्या चिकाटीने जे विचारले, ते यंत्रे विकत घेताना ५३ कार्यालयांपैकी कुणी नीट विचारले नव्हते.

आणि बिघाड? दोन उदाहरणे पुरेत. १४ डिसेंबर २०२० रोजी पाऊण तास जगभर जीमेल, यूट्यूब, डॉक्स, क्लासरूम सगळे बंद पडले. माहितीला काही झाले नव्हते. ‘तुम्ही कोण’ हे ठरवणाऱ्या प्रणालीच्या जागेचा कोटा एका स्वयंचलित व्यवस्थेने चुकून आवळला होता, आणि गूगलला कुणी ओळखूच येईना. जुलै २०२१ मध्ये क्रोम ओएसच्या एका अद्ययावत प्रतीत दोन ‘&’ चिन्हांच्या जागी एकच पडले; त्या एका अक्षराने लोकांना योग्य पासवर्ड देऊनही स्वतःच्याच यंत्रात शिरता येईना. पण न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष फाइलीने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळी पडली आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास निघाले, तेव्हा क्रोमबुके शांतपणे चालू होती. गाभ्यात तिसऱ्याला शिरू न देण्याचा आडमुठेपणा त्या दिवशी उपयोगी पडला.

आपल्याकडे हे यंत्र रुजले नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये एचपी आणि एसरची क्रोमबुके भारतात आली तेव्हा एचपीचे २६,९९० रुपयांना होते. २०१५ मध्ये झोलोचे १२,९९९ ला आले. पण जिओच्या आधीचा तो काळ, एका जीबीला दोनशे-अडीचशे रुपये मोजण्याचा. ज्या संगणकाला सतत नेट हवे, तो स्वस्त कसा म्हणावा? शिवाय अमेरिकेतल्या शाळेचे जे दुखणे क्रोमबुकाने बरे केले, ते आपल्याकडे त्या रूपात नव्हते. विंडोजचे पैसे बहुतेकांनी कधी दिलेच नव्हते, आणि दुरुस्त करणारा पोरगा दोनशे रुपयांत घरी येत होता.

महाराष्ट्रापुरते आणखी दोन अडथळे होते. एक, एमएस-सीआयटी. एमकेसीएलच्या या अभ्यासक्रमाने गावोगावी संगणक नेला, हे त्याचे ऋण मोठे आहे. पण ‘संगणक येतो’ म्हणजे विंडोज आणि ऑफिस येते, हे समीकरणही त्यानेच पक्के केले. दुसरा अडथळा आपल्या अक्षरांचा. मराठी छपाईचा संसार वर्षानुवर्षे पेजमेकर आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर चालला. त्या जुन्या टंकांत अक्षरे युनिकोडची नसत. टंक त्या यंत्रात बसवलेला नसेल तर ‘महाराष्ट्र’ उघडल्यावर रोमन चिन्हांचा खच दिसे. एखाद्या दिवाळी अंकाच्या संपादकाने आपले वीस वर्षांचे साहित्य क्लाउडवर चढवले, तर ते सुखरूप पोचेल आणि वाचता मात्र येणार नाही. जिथे टंक बसवायलाच जागा नाही, त्या यंत्रावर हा संसार हलणे शक्य नव्हते. युनिकोड रुळले तसा हा अडथळा ओसरला. आज गूगल डॉक्समध्ये मराठी बोलूनही लिहिता येते, आणि नव्या लेखकाला श्रीलिपीचे नाव माहीतही नसते.

खरे तर वेबच्या तंत्रावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम भारतात लाखोंच्या हातात पोचली ती बटणांच्या फोनमधून. मोझिलाची फायरफॉक्स ओएस २०१४ मध्ये इंटेक्सच्या १,९९९ रुपयांच्या फोनवर आली आणि आपटली. तिच्याच मुळावर फुटलेली कायओएस २०१७ मध्ये १,५०० रुपयांच्या अनामतीवर मिळणाऱ्या जिओफोनमध्ये होती. शेताच्या बांधावर भजने ऐकणाऱ्या आजोबांच्या खिशातले ते यंत्र एलिसन यांच्या स्वप्नाचे वारस होते, असे म्हटले तर आजोबा हसतील, पण वंशावळ खरी आहे. पुढे २०२३ चा जिओबुक १६,४९९ रुपयांचा, वजन ९९० ग्रॅम. आणि आता सेट-टॉप बॉक्सला कीबोर्ड लावून टीव्हीवरच संगणक दाखवणारे जिओपीसी, महिन्याच्या शुल्कावर. चेन्नईजवळच्या कारखान्यात २०२३ पासून एचपीची क्रोमबुकेही बनू लागली आहेत.

जीमेलचे एक निर्माते पॉल बुखाइट यांनी २०१० मध्येच भाकीत केले होते, की क्रोम ओएस एक तर मरेल किंवा अँड्रॉइडमध्ये विरघळेल. पंधरा वर्षे ते खोटे ठरत आले. २०२५ मध्ये गूगलनेच दोन्ही एकत्र आणत असल्याचे सांगितले. नाव राहील की नाही, याला माझ्या लेखी फार महत्त्व नाही. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे, आणि आपल्या शाळांच्या, ग्रंथालयांच्या, पतपेढ्यांच्या खोल्यांत विंडोज ११ न पेलणारी असंख्य चांगली यंत्रे उभी आहेत. न्यूयॉर्कच्या नेव्हरवेअर कंपनीने जुन्या संगणकांसाठी क्लाउडरेडी बनवले होते. गूगलने ती कंपनी २०२० मध्ये घेतली, आणि २०२२ पासून तेच क्रोम ओएस फ्लेक्स म्हणून फुकट मिळते. पेन ड्राइव्हवरून चढवता येते. त्यात अँड्रॉइडची अॅप्स चालत नाहीत, आणि गूगलची सुरक्षा चिप नसल्याने वर सांगितलेली तपासणीची साखळी तितकी पक्की राहत नाही. पण दहा वर्षांचा लॅपटॉप पुन्हा चालू लागतो.

हे करायला निघालेल्या मुख्याध्यापकांसाठी पुस्तकाचे शेवटचे प्रकरण आहे. त्यात प्रमाणित मॉडेलांची यादी कशी पाहावी, आधीच ऑफलाइन काम चालू करून कसे ठेवावे, मराठी इनस्क्रिप्ट कळफलक कसा जोडावा हे सगळे आहे. एक गोष्ट मात्र इथेच सांगतो, कारण ती कुठल्याही जाहिरातीत सापडत नाही. शाळेच्या किंवा संस्थेच्या व्यवस्थेत रीतसर नोंदवलेले क्रोमबुक पॉवरवॉश केले तरी मोकळे होत नाही. चालू होताच ते पुन्हा त्याच संस्थेचे खाते मागते. अमेरिकेतल्या शाळांनी काढून टाकलेली अशी यंत्रे जुन्या बाजारात येतात, आणि नोंद काढायची राहून गेलेली असेल तर घेणारा त्यांचे काहीही करू शकत नाही. ती नोंद फक्त प्रशासक खात्यातून निघते. जिल्हा परिषदेच्या शाळेत ते खाते बहुधा एखाद्या उत्साही गुरुजींच्या नावावर असणार, आणि गुरुजींची बदली होते. तेव्हा पहिले यंत्र नोंदवण्याआधी त्या खात्याचा पासवर्ड, पुनर्प्राप्तीचा फोन नंबर आणि दुसऱ्या प्रशासकाचे नाव शाळेच्या दप्तरी लिहून घ्यावे, आणि बदलीच्या वेळी पदभाराच्या यादीत कपाटाच्या किल्ल्यांबरोबर ते हस्तांतरित करावे.